मधली सात वर्षे

इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या विजेत्यांची यादी उघडून पाहा. १९३८-३९ : एव्हर्टन. त्याच्या लगेच खालची ओळ १९४६-४७ : लिव्हरपूल. चषकाच्या यादीतही तोच प्रकार. १९३९ ला पोर्ट्समथ, आणि त्याखाली थेट १९४६ चा डर्बी कौंटी. मध्ये फार तर एक आडवी रेघ आणि बारीक टाइपात 'महायुद्धामुळे स्पर्धा नाही' एवढे चार शब्द. इतिहासाच्या तासाला आपण दुसऱ्या महायुद्धाची कारणे आणि परिणाम मुद्देसूद लिहितो, दहापैकी सातआठ गुणही मिळवतो. पण त्या रेघेत माणसांची किती वर्षे चिणली गेली आहेत याचा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. माझ्या मनात तो आला, त्याला एक घरगुती कारण आहे. ते पुढे सांगतो. आधी ज्याच्यामुळे हा लेख सुचला त्या खेळाडूची ओळख करून देतो.

त्याचे नाव रेच कार्टर. पूर्ण नाव होरेशो स्ट्रॅटन कार्टर. जन्म २१ डिसेंबर १९१३, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील संडरलंड या जहाजबांधणीच्या गावी. वडीलही व्यावसायिक फुटबॉलपटू होते. पण त्यांचे छत्र पोराला फार काळ लाभले नाही. पोरगा अंगाने लहानखुरा. एका क्लबाने चाचणीसाठी बोलावले आणि हा फुटबॉलच्या मानाने फारच लहान आहे असे म्हणून परत धाडले. शेवटी गावच्याच क्लबाने त्याला पदरात घेतले. १९३२ साली तो संडरलंडच्या पहिल्या संघात आला आणि १९३४ च्या एप्रिलमध्ये, विसाव्या वर्षी, इंग्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध खेळला.

पुढची तीन वर्षे कोणत्याही तरुणाला हेवा वाटावा अशी आहेत. १९३५-३६ मध्ये संडरलंडने लीग जिंकली. त्या मोसमात संघाने १०९ गोल केले. त्यांतले ३१ कार्टरचे आणि ३१ बॉबी गर्नीचे. (त्यानंतर संडरलंडला लीगचे अजिंक्यपद पुन्हा मिळालेले नाही.) १ मे १९३७ रोजी वेंब्लीवर चषकाचा अंतिम सामना झाला. मध्यंतराला प्रेस्टन नॉर्थ एंड एका गोलने पुढे होता. उत्तरार्धात संडरलंडने तीन गोल केले, त्यांतला एक कार्टरचा. वयाच्या तेविसाव्या वर्षी कर्णधार म्हणून त्याने राणीच्या हातून चषक घेतला. त्याचे लग्न होऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता!

लीग, चषक, देशाकडून खेळण्याचा मान आणि घरात नवी नवरी. तेविसाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवे? पैसा मात्र नव्हता. इंग्लंडमध्ये त्या काळी खेळाडूच्या वेतनाला कमाल मर्यादा होती. मोसमात आठवड्याला ८ पौंड, उन्हाळ्यात ६. मैदानावर पन्नास-साठ हजार लोक तिकीट काढून आले तरी खेळाडूचा आकडा तोच. संडरलंडच्या रोकर पार्कवर १९३३ मध्ये एका सामन्याला ७५,११८ माणसे जमली होती. ही मर्यादा १९६१ पर्यंत टिकली. तेव्हा आजच्या कोट्यधीश खेळाडूंचे चित्र डोळ्यांसमोरून पुसून टाका. कार्टर हा पगारी कामगार होता.

१९३९ चा मोसम सुरू झाला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झाले. प्रत्येक संघाचे जेमतेम तीन सामने झाले होते. लीग थांबली, झालेल्या सामन्यांचे निकाल रद्द ठरले, खेळाडूंचे करार संपुष्टात आले, पगार बंद झाला. पुढे प्रादेशिक स्पर्धा सुरू झाल्या, पण त्या तात्पुरत्या. बॉम्बहल्ल्याच्या भीतीने सुरुवातीला अनेक ठिकाणी आठ हजारांवर प्रेक्षकांना परवानगी नव्हती. खेळाडूला सामन्यामागे ३० शिलिंग मिळत. ज्या गावी नोकरी वा छावणी असेल तिथल्या क्लबाकडून 'पाहुणा' म्हणून खेळायचे. पोर्ट्समथने १९३९ साली जिंकलेला चषक सात वर्षे त्याच्याकडेच राहिला, कारण परत मागायला कोणी नव्हते.

कार्टर प्रथम गावच्या अग्निशमन दलात गेला. लोकांना ते रुचले नाही. सैन्य चुकवण्यासाठी याने ही पळवाट काढली असे लोक म्हणू लागले. ज्यांनी त्याला खांद्यावर घ्यायचे तेच मैदानावर त्याची हुर्यो करू लागले. १९४१ मध्ये तो हवाई दलात दाखल झाला. तिथे त्याचे काम शारीरिक शिक्षणाचे. पुढे लफबरो येथील केंद्रात, जखमी वैमानिक आणि हवाई सैनिक यांना पुन्हा हातपाय हलवायला लावण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली. इंग्लंडचा चषकविजेता कर्णधार, वयाच्या ऐन भरात, मोडलेल्या माणसांकडून व्यायाम करून घेत होता. सुट्टीच्या दिवशी डर्बी कौंटीकडून पाहुणा म्हणून खेळत होता.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. या सात वर्षांत कार्टर खेळला नाही असे नाही. भरपूर खेळला. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी मँचेस्टरला इंग्लंडने स्कॉटलंडचा ८-० असा फडशा पाडला. टॉमी लॉटनचे चार गोल, एक स्टॅन्ली मॅथ्यूजचा, एक कार्टरचा. पण अधिकृत नोंदीत हा सामना नाही. युद्धकाळातील आंतरराष्ट्रीय सामने धरायचे नाहीत असे ठरले. कार्टरच्या नावापुढे आज १३ सामने आणि ७ गोल आहेत. या तेरापेक्षा जास्त सामने तो देशाकडून युद्धकाळात खेळला. ते हिशेबात नाहीत. हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला खेळ दप्तरात झालाच नाही.

याच रेघेचा एक तुकडा आपल्या मुंबईत पडलेला आहे. डेनिस कॉम्प्टनला आपण क्रिकेटपटू म्हणून ओळखतो. पण तो आर्सेनलचा डावीकडचा फुटबॉलपटूही होता. युद्धात तो हिंदुस्थानात आला. महूच्या छावणीत असताना शेजारच्या इंदूरच्या होळकर संघाकडून तो रणजी करंडकात खेळला. १९४५ च्या मार्चमध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात विजय मर्चंटने २७८ धावा केल्या आणि होळकरांपुढे ८६७ चे लक्ष्य उभे राहिले. होळकर हरले, परंतु कॉम्प्टन २४९ वर नाबाद होता. हा सामना आपल्या दप्तरात आहे, म्हणून त्या खेळीचा मान राहिला. त्याच कॉम्प्टनने फुटबॉलमध्ये युद्धकाळात इंग्लंडतर्फे बारा सामने खेळले. पण अधिकृत यादीत त्याच्या नावापुढे एकही नाही. युद्धानंतर तो आर्सेनलबरोबर १९४८ ला लीग जिंकला आणि १९५० ला चषक. फुटबॉलच्या अधिकृत दप्तरापुरता मात्र तो देशाकडून कधी खेळलाच नाही.

आता माझे घरगुती कारण सांगतो. मी बारावी झालो २०२० साली. परीक्षा संपता संपता टाळेबंदी लागली. तालमीचा संघ, मैदान, सामने, सगळे बंद. त्यानंतरच्या वर्षी वडिलांना आजारपणाने अंथरूण धरायला लावले आणि आमची पिठाची गिरण माझ्याकडे आली. तीन वर्षे मी ती चालवली. दळपाचे डबे ओळीने लावणे, ज्वारीनंतर गहू घेताना आधीचे पीठ झाडून काढणे, दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावणे, वीजबिल भरणे, उधारीची वही सांभाळणे हे सारे शिकलो. मोटार जळाली तेव्हा रात्रभर जागून ती दुरुस्त करून घेतली. २०२३ मध्ये वडील हिंडू-फिरू लागले आणि मी महाविद्यालयात प्रवेश घ्यायला आलो.

तेव्हा कळले की मधल्या काळासाठी प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. मुद्रांक घेतला. टंकलेखकाकडे मजकूर तयारच होता. फक्त नाव आणि साल बदलायचे. "सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण घेतलेले नाही, कोठेही नोकरी अथवा व्यवसाय केलेला नाही." मी म्हटले, "अहो, पण मी गिरण चालवत होतो." तो म्हणाला, "दादा, ते लिहू नका, उगाच अडकेल. काही केलं नाही असंच लिहायचं असतं." मी सही केली. पिठाने पांढरी झालेली तीन वर्षे एका सहीने कोरी झाली. सत्यप्रतिज्ञेवर!

त्यामुळे पुढे ग्रंथालयात ती यादी आणि ती रेघ पाहिली तेव्हा मला कार्टर परका वाटला नाही. कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली, असे कोणी म्हणेल. अगदी कबूल. मी तालमीच्या दुसऱ्या संघातला बॅक. त्यापलीकडे माझी मजल नाही. युद्ध आणि टाळेबंदी यांचीही बरोबरी मी करत नाही. मला फक्त एवढे म्हणायचे आहे की मधल्या वर्षांविषयी आपण ज्या दोन गोष्टी सहज बोलून जातो, त्या दोन्ही कार्टरच्या बाबतीत तपासून पाहिल्या तर टिकत नाहीत.

पहिली गोष्ट : 'वर्षे वाया गेली.' मला हे वाक्य काका-मामांपासून वर्गमित्रांपर्यंत सर्वांनी ऐकवले आहे. कार्टरबद्दलही असेच हळहळतात. युद्ध नसते तर त्याने किती सामने खेळले असते, किती गोल केले असते! पण जरा तारखा पाहा. युद्धापूर्वीचा त्याचा शेवटचा अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना १७ एप्रिल १९३७ चा. युद्ध सुरू झाले १९३९ च्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे मधली जवळजवळ अडीच वर्षे, चषक जिंकलेला, फॉर्मात असलेला हा खेळाडू इंग्लंडच्या अधिकृत सामन्यांत नव्हताच. तेव्हा हिटलरने त्याची वाट अडवलेली नव्हती. ती निवड समितीची मर्जी होती. एकूण तेरा अधिकृत सामन्यांपैकी सहा त्याने युद्धापूर्वी खेळले आणि सात युद्धानंतर, बत्तिशी उलटल्यावर! तेव्हा 'युद्ध नसते तर' हे गणित कोणत्या आकड्यांवर मांडायचे? आपण सगळे नुकसान एका मोठ्या संकटाच्या नावावर लिहून मोकळे होतो. त्या आडोशाला समित्यांचे निर्णय लपतात, आपला आळसही लपतो. माझेच सांगतो. २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांत गिरणही माझ्याकडे नव्हती आणि अभ्यासही मी करत नव्हतो. मोबाइलवर लुडो खेळत होतो. ते टाळेबंदीच्या खात्यावर टाकणे सोयीचे आहे, पण खरे नाही.

दुसरी गोष्ट याच्या नेमकी उलट : 'संकटानेच माणूस घडतो.' निरोपसमारंभात, बक्षीससमारंभात हे वाक्य टाळ्या घेते. मला या वाक्याची भीती वाटते. बोल्टन वाँडरर्सचा कर्णधार हॅरी गॉस्लिन याने १९३९ च्या वसंतात, युद्ध दारात असताना, मैदानावरून प्रेक्षकांना सैन्यात भरती होण्याचे आवाहन केले आणि तो स्वतः संघातल्या सहकाऱ्यांसह तोफखान्यात दाखल झाला. १९४३ च्या डिसेंबरमध्ये इटलीत तो मारला गेला. संकटाने त्याला काय घडवले? त्याच्या नावापुढची रेघ कोणत्याही १९४६ पर्यंत पोहोचत नाही. जे परत आले त्यांच्याकडे बोट दाखवून संकटाचे गुण गाणे म्हणजे जे परत आले नाहीत त्यांचा अपमान आहे. आमच्या बारावीच्या तुकडीतली काही मुले त्या दोन वर्षांत कामाला लागली ती पुन्हा शिक्षणाकडे फिरकली नाहीत. त्यांना जाऊन 'संकटाने तू घडलास' असे सांगण्याची माझी छाती नाही.

मग कार्टरचे खरे काय झाले? १९४५ च्या डिसेंबरमध्ये संडरलंडने त्याला सोडले आणि डर्बी कौंटीने कायमचे घेतले. तो बत्तीस वर्षांचा झाला होता. लीग अजून सुरू व्हायची होती. पण चषकाची स्पर्धा त्या वर्षी सुरू झाली. लोक खेळासाठी भुकेले होते, इतके की ९ मार्च १९४६ रोजी बोल्टनच्या मैदानावर चेंगराचेंगरी होऊन ३३ माणसे मेली. डर्बीत कार्टरच्या जोडीला आयर्लंडचा पीटर डोहर्टी होता. उजवीकडे कार्टर, डावीकडे डोहर्टी. डोहर्टी मैदानभर धावे. कार्टर फारसा धावत नसे, चेंडूला धावायला लावी. केस अकाली रुपेरी झाले होते, चाल संथ होती, पण चेंडू कोणाकडे जायला हवा हे त्याला इतरांच्या आधी दिसे.

२७ एप्रिल १९४६ ला वेंब्लीवर डर्बीची गाठ चार्लटनशी पडली. सामना संपत आला असताना चार्लटनच्या बर्ट टर्नरने चेंडू आपल्याच जाळ्यात घातला आणि मिनिटाभरात दुसऱ्या बाजूलाही गोल करून फेड केली. जादा वेळेच्या आधी तर चेंडूच फुटला! त्या जादा वेळेत डर्बीने तीन गोल केले आणि ४-१ ने चषक जिंकला. डर्बीच्या इतिहासातला तो एकमेव चषक आहे. महायुद्धापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा चषकविजेत्याचे पदक मिळवणारा कार्टर हा एकटाच खेळाडू.

सप्टेंबर १९४६ मध्ये बेलफास्टला इंग्लंड युद्धानंतरचा पहिला अधिकृत सामना खेळले आणि ७-२ ने जिंकले. त्यात कार्टरचाही गोल होता. पण गोष्टीला गोड शेवट नाही. १९४७ च्या मे महिन्यात झुरिचला स्वित्झर्लंडने इंग्लंडला एका गोलने हरवले आणि कार्टरला वगळण्यात आले. आठवड्याभरात लिस्बनला, त्याच्याविना, इंग्लंडने पोर्तुगालचा १०-० असा पराभव केला. त्याची गरज उरली नाही हे याहून स्पष्ट कोणत्या शब्दांत सांगणार? तो पुन्हा इंग्लंडकडून खेळला नाही. १९४८ मध्ये तो तिसऱ्या विभागातल्या हल सिटीत खेळाडू आणि व्यवस्थापक म्हणून गेला. लोक याला उतरण म्हणोत. पुढच्याच मोसमात हलने आपला विभाग जिंकला आणि १९४९ च्या फेब्रुवारीत मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा त्याचा चषकाचा सामना पाहायला ५५,०१९ लोक आले. १९५३ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, आयर्लंडच्या कॉर्क अ‍ॅथलेटिककडून तो तिथलाही चषक जिंकला. ९ ऑक्टोबर १९९४ रोजी तो वारला.

या चरित्रातून मला जे दिसते ते साधे आहे. मधली वर्षे वाया जात नाहीत आणि त्यांचे सोनेही होत नाही. ती जगलेली वर्षे असतात. म्हणून ती जशी गेली तशी लिहिली पाहिजेत. आणि परत येणाऱ्याला जिद्दीइतकीच कोणीतरी दार उघडे ठेवण्याची गरज असते. कार्टर मोठा होताच. परंतु बत्तीस वर्षांच्या, पांढऱ्या केसांच्या माणसाला डर्बीने संघात घेतले नसते तर तो मोठेपणा घरच्या आरामखुर्चीत बसून राहिला असता. आपण नेहमी खेळाडूच्या जिद्दीवर निबंध लिहितो. दार उघडणाऱ्या क्लबावर कोणी लिहीत नाही.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थी-प्रतिनिधींना माझी एक नम्र विनंती आहे. आपल्याकडे खंड पडून आलेली मुले-मुली आता प्रत्येक वर्गात आहेत. कोणी दुकान सांभाळले, कोणी आजीची शुश्रूषा केली, एकीचे लग्न झाले आणि ती मूल तीन वर्षांचे झाल्यावर परत आली. प्रवेशाच्या वेळी त्यांच्याकडून 'काहीही केले नाही' असे लिहून घेण्याऐवजी 'काय केले' असा एक रकाना अर्जात ठेवावा. त्याला गुण देऊ नयेत, सवलतही नको. फक्त तो भरू द्यावा. आणि जिमखान्याच्या निवडचाचणीला 'आता तुझे वय झाले' असे म्हणण्यापूर्वी नियमात वय बसते की नाही ते पाहावे, आणि बसत असेल तर एकदा चेंडू पायाशी टाकून बघावा. नाही जमले तर खुशाल बाहेर काढावे. झुरिचनंतर कार्टरलाही काढलेच होते.

माझ्यापुरते म्हणाल तर, ते प्रतिज्ञापत्र अजून कार्यालयाच्या फायलीत आहे. ते खोटे आहे हे मी या अंकात छापून जाहीर करतो. २०२१ ते २०२३ या काळात मी गिरण चालवली. पीठ बारीक दळत होतो. गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)